तिसऱ्या हिवाळ्याचा आकडा

एक आणि एक मिळून दोन होतात यावर विश्वास नसलेला माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा मुलगा होता. त्याला वेड नव्हतं. धुळ्यात त्याला वेडा म्हणणारे पुष्कळ होते, पण ते बहुतेक त्याच्याकडून खोकल्याचं औषध फुकट नेणारे होते, म्हणून त्यांचं मत मी धरत नाही. पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं शास्त्र शिकला, तेवढ्यात आत्याचे यजमान वारले आणि त्याला परत यावं लागलं. मग एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागला. पुण्याहून येताना त्याने आणलं काय, तर एक लांब थर्मामीटर, चिंचोळ्या मानेच्या चार काचेच्या कुप्या आणि एक खोड. कुठलेही दोन पातळ पदार्थ दिसले की ते एकमेकांत ओतायचे, आणि ओतल्यावर ते आकसले की फुगले, तापले की गार पडले, हे मोजून वहीत लिहायचं. स्पिरिट, ईथर, क्लोरोफॉर्म, बेंझिन, टर्पेंटाईन, एरंडेल. डॉक्टर भला माणूस होता, बाटल्यांच्या तळाशी उरलेलं त्याला घरी नेऊ द्यायचा. "पाण्याचं सगळं लोकांनी मोजून ठेवलंय," माझा आतेभाऊ म्हणायचा, "या वासाच्या मंडळींकडे कोणी नीट पाहत नाही." आमच्या गल्लीतले लोकही पाहत नसत, नाक धरून पुढे जात.

या खोडीपायी दवाखान्यात काय काय व्हायचं ते एकदा सांगितलं की पुरे. शिंदखेड्याकडचा एक म्हातारा गुडघ्याला चोळायचं औषध न्यायला आला, येताना स्वतःची बाटली घेऊन. औषध म्हणजे अर्धं स्पिरिट, अर्धं पाणी आणि वर कापूर. माझ्या आतेभावाने त्याच्यादेखत त्याच्याच बाटलीने अर्धी बाटली स्पिरिट मोजलं, अर्धी बाटली पाणी मोजलं, दोन्ही एकत्र केलं आणि परत बाटलीत भरलं. बाटली भरेना. मानेखाली बोटभर रिकामी.

म्हातारा म्हणाला, "भाऊ, बाटली कमी शे."

"कमी नाही, आबा, बरोबर आहे. ही दोघं एकत्र आली की आकसतात."

"आकसतंस? मंग मना पानी कोठे गये?"

"कुठेच गेलं नाही. त्यांना एकमेकांत जागा सापडली."

म्हाताऱ्याने काठी टेकली, पुढे झाला आणि माझ्या आतेभावाच्या तोंडाचा वास घेतला. वास काही आला नाही. त्यामुळे तो जास्तच घाबरला. पिऊन असं बोलणारा माणूस त्याला समजला असता. मग याने त्याला बसवून घेतलं आणि पुन्हा दोनदा सगळं करून दाखवलं. दोन्ही वेळा तितकंच कमी भरलं. याला इतका आनंद झाला की म्हाताऱ्याची परतीची बैलगाडी निघून गेली तरी दोघांनाही कळलं नाही. शेवटी डॉक्टरांनी बाहेर येऊन बाटलीत बोटभर पाणी ओतलं आणि म्हाताऱ्याला वाटेला लावलं.

तीनदा करून पाहिल्याशिवाय तो कशालाच खरं मानत नसे. आत्या विचारायची, "भरीत कसं झालं रे?" तर म्हणायचा, "आणखी दोनदा कर, मग सांगतो." चांभाराकडे वहाण घ्यायला तीन दिवस जायचा. जळगावच्या एका तेलगिरणीवाल्या शेठच्या कानावर गेलं की धुळ्याचा एक कंपाउंडर नुसतं वजन करून पातळ पदार्थाची भेसळ ओळखतो. शेठने त्याला तिकीट पाठवून बोलावलं आणि तिळाच्या तेलात भुईमुगाचं किती मिसळलंय ते विचारलं. याने कुप्या काढल्या, तेल पाहिलं, हवा पाहिली आणि सांगितलं, "तीन हिवाळे लागतील." शेठ म्हणाला, "तीन हिवाळ्यांनी मी गिरणी विकून काशीला गेलेला असेन." संध्याकाळच्या गाडीने हा धुळ्याला परत. शेठवर राग नाही, काही नाही. उलट म्हणाला, "जळगावचं शेंगदाण्याचं तेल चांगलं आहे, पण अजून दोनदा खाऊन बघायला पाहिजे."

हिवाळेच का, तर त्याचं कारण आमचा उन्हाळा. ईथर ही मोठी चंचल वस्तू. आमच्याकडे चैत्रात माणसाच्या डोक्याचं पाणी होतं तिथे ईथरचं काय घेऊन बसलात. एकदा फडताळात ठेवलेल्या ईथरच्या बाटलीचं बूच आपोआप उडालं आणि आत्या पोथी वाचत बसली होती तिच्या चष्म्यावर बसलं. आत्याने पोथी मिटली आणि शांतपणे विचारलं, "हे आता दोनदा अजून होणार का?" तेव्हापासून उन्हाळ्यात बाटल्या रांजणाखालच्या ओल्या वाळूत आणि मोजणी फक्त मार्गशीर्ष ते माघ, सकाळी, ऊन चढायच्या आत. त्यातही एका हिवाळ्यातलं मोजमाप तो खरं मानत नसे. काच तीच, हात तोच, चूकही तीच होत असेल, म्हणायचा. म्हणून एका मिश्रणाला तीन हिवाळे. तिन्ही आकडे जुळले तर ते खरं. वहीत प्रत्येक मिश्रणापुढे तीन रकाने आखलेले असत.

यात मी शिरले ती माझ्या डोळ्यांमुळे. मी मराठी चौथी शिकले. पुढे मुलींना शाळा नव्हती, आणि असती तरी घातलं नसतं. पण डोळा मोठा तिखट होता, सुई पहिल्या झटक्यात ओवायची. त्याचा एक नियम होता की वाचणारा आणि लिहिणारा एक असू नये. "ज्याला आकडा हवा असतो त्याच्या डोळ्याला तो दिसतोच," म्हणायचा. आधी त्याने आत्याला बसवून पाहिलं. आत्या म्हणाली, पाऱ्याच्या जागी मुंग्या दिसतात. मग मला बोलावलं. आमचं घर दोन दारं सोडून. मला तेरावं लागलं होतं. तो माझ्याकडे पाठ करून, मांडीवर वही घेऊन बसायचा. मी नळीत एकात दुसरं ओतायची, काचेच्या काडीने ढवळायची आणि थर्मामीटरवर डोळा ठेवायची. पारा थांबला की मी खाकरायची. मग तो म्हणायचा, "बोल."

आता हा शब्द तुम्हाला साधा वाटेल. आमच्या घरात मला जे शब्द ऐकू यायचे ते म्हणजे उठ, वाढ, सार, झाक आणि गप्प बस. 'बोल' म्हणणारा माणूस मला तेराव्या वर्षी पहिल्यांदा भेटला. आणि मी बोलले ते तो लगेच लिहून घ्यायचा! खरं का, नीट पाहिलंस का, असं एकदाही विचारलं नाही.

ईथरमध्ये क्लोरोफॉर्म घातलं की नळी हातात कोमट लागते. जाळ नाही, ऊन नाही, नुसती दोघं भेटली म्हणून. स्पिरिटात बेंझिन घातलं तर उलट, नळी गार पडते. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भुताटकी वाटली होती. ही ऊब मोजायची तर ती पळून जाता कामा नये, म्हणून तो नळी एका पितळी गडूत कापसात खोचून ठेवायचा, पण कापूस सुटा व्हायचा. मी म्हटलं, गडूला गोधडी शिवून देते. ज्याला स्वतःला अंगावर घ्यायला धड पांघरूण नव्हतं त्याच्या गडूला मी जुन्या लुगड्याची गोधडी शिवली, आत पिंजलेला कापूस. गडूच्या मापाची म्हणजे केवढी, तर तान्ह्या बाळाच्या दुपट्याएवढी. ओट्यावर बसून टाके घालत होते तर समोरची मावशी म्हणाली, "कोना पोऱ्याकरता शिवी राहिनी वं?" मी म्हटलं, "गडूकरता." त्या दिवशी गल्ली जेवली नसेल, इतकी हसली.

हसण्याला कारण होतं. आमच्याकडे मामाची मुलगी आत्याच्या मुलाला द्यायची रीत. पहिला हक्क त्याचा. म्हणून अशा मुलाला भाऊ म्हणायचं नाही, असं आजीने लहानपणीच बजावलेलं. नावाने हाक मारायचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे मी त्याला काहीच म्हणत नसे. "ऐकलं का, पारा थांबला," असं भिंतीला सांगावं तसं सांगायची. आता म्हातारपणी लिहिताना 'तो' म्हणतेय, तेव्हा हिंमत झाली नसती.

त्याला खरी ओढ होती ती सूत्राची. मोजून झालं की चौकटींच्या कागदावर ठिपके द्यायचा आणि बांबूची कामटी वाकवून त्या ठिपक्यांवरून रेघ ओढायचा. रेघ मध्ये झोळीसारखी खाली यायची. त्या झोळीला गणितात बसवायचं होतं त्याला. म्हणायचा, "एकेकट्याचे गुण ठाऊक असले की दोघांचं मिळून काय होईल, हे न मिसळता सांगता आलं पाहिजे."

मी म्हटलं, "मग पत्रिका काय करतात? तेच ना?"

तो पाठमोराच हसला. "किती बरोबर येतात?"

"आमच्या गल्लीत एकही नाही."

"तेच तर. ठिपके कमी पडतात त्यांचे."

मी चौदा वर्षांची झाले त्या मार्गशीर्षात माझे वडील, नाना, रीतीप्रमाणे आत्याकडे गेले. आत्याला काय, तिने तर लुगडंसुद्धा मनात धरून ठेवलं होतं. पण मुलाला विचारा, म्हणाली. नानांनी विचारलं. तो म्हणाला, "नाना, आत्ता नाही सांगत." नाना परत आले. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेले. या वेळी तो म्हणाला, "आणखी एक हिवाळा थांबा, मग नक्की सांगतो." नाना घरी आले आणि पागोटं खुंटीला न लावता खाली ठेवलं. म्हणाले, "मुलीचा बाप दोनदा जातो. तिसऱ्यांदा गेला तर लोक मुलीत खोट काढतात. सावद्याचं स्थळ आलंय, त्यांना होकार कळवतो."

नानांची चूक नव्हती. पंधरा वर्षांची मुलगी त्या काळी घरात म्हणजे चुलीवर उतू चाललेलं दूध. त्याला नकार द्यायचा नव्हता हेही त्या घरात एका माणसाला माहीत होतं. मला. दोन रकाने भरले आणि जुळले की तो तिसऱ्याची वाट बघतो, आणि जुळले नसते तर दुसऱ्याच हिवाळ्यात सरळ काट मारली असती, हे मी दोन वर्षं त्याच्या पाठीमागे बसून पाहिलं होतं. नानांना एवढंच सांगायचं होतं की हा त्याचा होकार आहे, फक्त वाळायचा राहिलाय. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातात पिठाची परात होती. पण मुलीने आपल्या लग्नात तोंड घालायचं नसतं, आणि नानांनी काही 'बोल' म्हटलं नाही. पुढे सासरी मी फटकळ म्हणून नाव कमावलं, पाटलाला तोंडावर सुनावलं, रेल्वेच्या बाबूशी भांडले. जिथे बोलायचं होतं तिथे परात धरून उभी राहिले.

त्याचंही चुकलंच. बाटलीला बूच लावलं तरी ईथर उडून जातं आणि दर हिवाळ्यात बाटली भरून घ्यावी लागते, हे ज्याला ठाऊक होतं त्याला माणसाच्या मुलीचं कसं कळलं नाही? पण हे मला आता सुचतं.

फाल्गुनात लग्न झालं. तो आला होता. पंगतीत मठ्ठा वाढत होता, आणि कोणाच्या तरी वाटीत मठ्ठ्यात आमटी ओतून बघत होता म्हणून आत्या त्याला सगळ्यांदेखत ओरडली. माझ्या मालकांबद्दल उगाच कोणाचा गैरसमज नको. चांगला माणूस होता. केळीच्या बागा होत्या, आवाज चढवत नसे, मला कधी काही कमी केलं नाही. बोल म्हणत नसे, पण गप्प बस असंही म्हणत नसे. पुष्कळींना तेवढंही मिळत नाही.

पहिल्या संक्रांतीला माहेरी आले तो तिसरा हिवाळा. तिळगूळ द्यायला आत्याकडे गेले. आत्या वाटी आणायला आत गेली. माजघरात तो तसाच पाठमोरा बसला होता, पुढ्यात गडू, गडूला माझी गोधडी. वळून न बघता म्हणाला, "ईथर-क्लोरोफॉर्मचं तिसरं वाचन राहिलंय. तुझ्याशिवाय वाचायला कोणी नाही." मी हातातला तिळगूळ खाली ठेवला आणि बसले. ओतलं, ढवळलं. नवी हिरवी बांगडी काचेच्या नळीला लागली आणि वाजली. पारा चढला, चढत गेला, थांबला. मला दोन्ही आधीचे आकडे पाठ होते. मी खाकरले.

"बोल."

मी आकडा सांगितला. तोच होता, रेघभरही फरक नाही.

त्याने लिहिला. मग पेन्सिल वहीत घालून वही मिटली. म्हणाला, "तिन्ही जुळले. नानांना या हिवाळ्यात सांगणार होतो."

मी म्हणाले, "आता उशीर झाला, भाऊ."

त्या दिवशी त्याला पहिल्यांदा भाऊ म्हटलं. लग्न झालं की म्हणायला हरकत नसते. त्याची पाठ जराशी हलली. तेवढ्यात आत्या वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "तिळगूळ जमिनीवर कोणी ठेवला गं?"

त्यानंतर तो मोजायचा थांबला नाही, पण वाचणारं माणूस मिळेना. लग्नही केलं नाही. आत्याने दोन स्थळं आणली, दोन्ही वेळा त्याने पहिल्याच खेपेला नाही म्हणून सांगितलं. एवढ्या झटपट त्याने आयुष्यात दुसरं काही ठरवलं नाही. मिश्रणं बाटल्यांत तयार करून ठेवायचा आणि माझी वाट बघायचा. मी सावद्याहून भुसावळ, चाळीसगाव असं करत धुळ्याला यायची, कधी वर्षाने, कधी दोन-तीन वर्षांनी. बाळंतपणं, सासूचं आजारपण, केळीची कापणी. आले की सकाळी दोन दारं पलीकडे जायची, कडेवर पोर असलं तर ते आत्याकडे द्यायची आणि वाचायला बसायची. माझ्या थोरल्याला बरीच वर्षं वाटायचं की धुळ्याचे मामा म्हणजे एक पाठ असते. मालकांना सगळं ठाऊक होतं. ते केळीचा एक घड बांधून द्यायचे आणि म्हणायचे, "मोजून या."

पुढे मलाच चाळिशी लागली. चष्मा लावून वाचायला बसले तर तो म्हणाला, "तुझ्या डोळ्यांत आता रेघेचा फरक धरावा लागेल." असं त्याने मला एकदाच दुखावलं, आणि तेही खरं होतं.

शेवटच्या खेपेला मी विचारलं, "भाऊ, सूत्र सापडलं का हो?"

"एका कुळातले असले की बसतात सूत्रात. बेंझिन-टर्पेंटाईन बसतं. ईथर-क्लोरोफॉर्म नाही बसत." कामटी हातात घेऊन तो ती उगाच वाकवत होता. "ती दोघं एकमेकांना धरतात. ते एकेकट्याकडे बघून कळत नाही. मिसळल्याशिवाय नाहीच कळत."

मी काही बोलले नाही. परात हातात नव्हती, तरी.

स्वराज्य आलं त्याच्या आधीच्या पौषात तो गेला. आत्या तर कधीच गेली होती. कुप्या कोणी नेल्या माहीत नाही. माझ्याकडे वही, थर्मामीटर आणि ती गोधडी आली. वही मी पानं उलटून पाहिली. मला त्यातलं गणित कळत नाही, रकाने कळतात. पहिली काही पानं तिन्ही रकाने भरलेली. पुढे मात्र मिश्रणाचं नाव आहे आणि त्यापुढे एक आकडा, फार तर दोन, आणि तिसरा रकाना कोरा. पानंच्या पानं. डॉक्टरांनी त्याला कितीदा म्हटलं होतं म्हणे, की हे पुण्या-मुंबईला छापायला पाठव. त्याने पाठवलं नाही. तिसरं वाचन व्हायचंय, म्हणायचा.

गोधडी फाटली, ती मी टाकून दिली. नको त्या वस्तू सांभाळत बसायची मला सवय नाही. थर्मामीटर ठेवलाय, कारण तो उपयोगाचा आहे. थंडीच्या दिवसांत आंघोळीचं पाणी घंगाळात काढलं की विसणाचं गार पाणी घालायच्या आधी तो त्यात बुडवते. चष्मा लावते. पारा चढतो, थांबतो. मी खाकरते आणि आकडा मोठ्याने वाचते. असं तीनदा. सुना एकमेकींना सांगतात की अक्का हल्ली पाण्याशी बोलतात. बोलू देत. मला वेड लागलेलं नाही. पलीकडे पाठ करून, मांडीवर वही घेऊन कोणी बसलेलं नाही हे मला चांगलं दिसतं. तरी तिसरा आकडा सांगायच्या आधी मी थोडी थांबते. पुष्कळदा इतकी थांबते की पाणी आपलं आपणच निवतं, आणि विसण घालावंच लागत नाही.